गर्भपिशवी न काढता प्रोलॅप्सवर इलाज शोधणारे गोव्याचे डॉ. शिरोडकर

अंग बाहेर येणं. गावाकडच्या बायका हे दोन शब्द अगदी दबक्या आवाजात बोलतात.

बाळंतपणांमुळे, वाढत्या वयामुळे किंवा सतत जड ओझी उचलल्यामुळे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि बंध सैल पडतात. मग गर्भपिशवी, कधी मूत्राशय तर कधी गुदाशय योनीमार्गात खाली सरकतं. डॉक्टरांच्या भाषेत याला प्रोलॅप्स म्हणतात.

या दुखण्यावरच्या ऑपरेशन्समध्ये एक नाव आजही जगभरातल्या पुस्तकांत सापडतं. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर.

त्यांचा जन्म 1899 चा, गोव्यातल्या शिरोडा गावचा. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधून ते डॉक्टर झाले, 1927 मध्ये एमडी झाले आणि 1931 मध्ये इंग्लंडहून एफआरसीएस होऊन परतले. पुढे ग्रँट मेडिकलमध्येच त्यांनी प्राध्यापक म्हणून काम केलं.

आता त्यांनी नेमकं काय केलं ते बघू.

तेव्हा प्रोलॅप्सवर मँचेस्टर ऑपरेशन गाजलेलं होतं. त्यात गर्भपिशवी ठेवायचे, पण तिच्या तोंडाचा भाग कापून टाकायचे. अडचण अशी की त्यानंतर दिवस राहणं अवघड व्हायचं आणि राहिलेच तर गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाची भीती असायची. मूल हवं असलेल्या तरुण बाईसाठी हा फार महागाचा सौदा होता.

शिरोडकरांनी पिशवीचं तोंड कापणंच टाळलं. पिशवीला मागून धरून ठेवणारे बंध त्यांनी पुढे आणून घट्ट शिवले. ज्या बायकांचे हे बंधच कमकुवत होते, त्यांच्यासाठी त्यांनी पोटातून करायचं स्लिंग ऑपरेशन बसवलं. यात एका पट्टीने पिशवी मागे कण्याच्या तळाशी बांधली जाते. थोडक्यात काय, तर पिशवीही जागेवर राहते आणि आई होण्याची शक्यताही.

1955 मध्ये त्यांनी आणखी एक शस्त्रक्रिया जगासमोर मांडली. पिशवीचं तोंड वेळेआधी उघडून चौथ्या-पाचव्या महिन्यात वारंवार गर्भपात होणाऱ्या बायकांसाठी ती होती. मांडीतल्या पडद्याची पट्टी घेऊन त्यांनी ते तोंड बांधलं. पिशवीला टाका घातलाय असं आपण आज सहज म्हणतो, त्या टाक्याला जगभरात शिरोडकर स्टिच म्हणतात.

1960 मध्ये पद्मभूषण आणि 1971 मध्ये पद्मविभूषण. त्याच 1971 मध्ये त्यांचं निधन झालं.

पण ऑपरेशन यशस्वी झालं हे ठरवायचं कुणी?

पूर्वी हे मुख्यतः डॉक्टरांच्या तपासणीवर ठरायचं. 1996 मध्ये पीओपी-क्यू ही मोजमापाची पद्धत आली आणि अंग किती सेंटिमीटर खाली आलंय ते नेमकं सांगता येऊ लागलं. पण सेंटिमीटर आणि त्रास यांचा मेळ नेहमी बसत नाही. थोडंसं खाली आलेलं अंग एखादीला बसू देत नाही, तर दुसरीला जास्त असूनही जाणवत नाही.

म्हणून प्रश्नावल्या आल्या. पीएफडीआय-20 मध्ये 20 प्रश्न असतात. योनीमार्गात काही बाहेर आल्यासारखं वाटतं का? लघवी पूर्ण होते का? आणि त्याचा त्रास किती होतो? एकूण गुण 0 ते 300. गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त.

या प्रश्नावल्यांचीही परीक्षा घ्यावी लागते. तब्येतीत फरक नसताना काही दिवसांनी विचारलं तर तेच उत्तर येतं का? उपचारानंतर गुण उतरतात का? आणि प्रश्न बाईच्या बोलीत आहे का? पेल्विक ऑर्गन म्हटल्यावर जी गप्प बसेल, ती अंग बाहेर येतं का असं विचारल्यावर बोलू लागेल.

शिरोडकरांनी बाईला नुसतं बरं केलं नाही, तिला पुढे काय हवंय याचाही हिशेब ऑपरेशनमध्ये धरला. प्रश्नावली आज तेच तिच्या तोंडून ऐकते.