तिहेरी उडीचे वीर मिकिओ ओदा

लंगडीचा खेळ आपल्यापैकी प्रत्येकाने अंगणात खेळलेला असतो. तिहेरी उडी या मैदानी स्पर्धेचा आरंभ जवळजवळ तसाच होतो. खेळाडू वेगाने धावत येतो, फळीवर एक पाय रोवून उसळी घेतो आणि त्याच पायावर उतरतो. लगेच दुसरी झेप घेऊन तो दुसऱ्या पायावर उतरतो आणि तिसऱ्या झेपेत दोन्ही पायांनी वाळूत जाऊन पडतो. या तिन्ही झेपांत वेग व तोल दोन्ही सांभाळावे लागतात. एक झेप चुकली, की सारे श्रम वाया जातात. अशा या अवघड क्रीडाप्रकारात आशिया खंडाचे नाव उज्ज्वल करणारे पहिले खेळाडू म्हणजे जपानचे मिकिओ ओदा होत.

ओदा यांचा जन्म ३० मार्च १९०५ रोजी हिरोशिमा प्रांतातील काइता या गावी झाला. शाळेत असतानाच त्यांना मैदानी खेळांची गोडी लागली. १९२३ साली ओसाका येथे अतिपूर्वेकडील देशांचे क्रीडासामने भरले. त्यांत अठरा वर्षांच्या ओदांनी लांब उडी व तिहेरी उडी या दोन्ही स्पर्धा जिंकल्या.

पुढच्याच वर्षी ते पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत उतरले. तेथे त्यांनी १४.३५ मीटर उडी मारली व त्यांचा सहावा क्रमांक आला. त्याच स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या निक विंटर यांनी साडेपंधरा मीटरांच्याही पुढे उडी मारून जागतिक विक्रम केला. दोघांच्या उड्यांत एक मीटरहून अधिक अंतर होते. हे अंतर पाहून एखादा निराश झाला असता. पण ओदांनी सराव सोडला नाही. वासेदा विद्यापीठात शिकत असताना त्यांना चुहेइ नाम्बू हा तोलामोलाचा सोबती लाभला.

१९२८ साली आम्सटरडॅम येथे ऑलिंपिक सामने झाले. त्या वर्षी मे महिन्यात भारताच्या हॉकी संघाने तेथे सुवर्णपदक मिळविले होते; परंतु एकट्याच्या बळावर जिंकावयाच्या स्पर्धेत आशियातील कोणालाही ते तोपर्यंत मिळाले नव्हते. २ ऑगस्ट रोजी तिहेरी उडीची स्पर्धा झाली. ओदांनी १५.२१ मीटर उडी मारली. अमेरिकेच्या लेव्ही केसी यांची उडी १५.१७ मीटर भरली. अवघ्या चार सेंटिमीटरांनी, म्हणजे सुमारे दोन बोटांच्या रुंदीने, ओदा विजयी झाले आणि आशियाचा तो जुना उणेपणा दूर झाला.

ऑक्टोबर १९३१ मध्ये टोकियो येथे त्यांनी १५.५८ मीटर उडी मारून विंटर यांचा जागतिक विक्रमही मागे टाकला. पॅरिसला दिसलेले ते अंतर भरून काढावयास त्यांना सात वर्षे लागली. त्याच दिवशी नाम्बूंनी लांब उडीत ७.९८ मीटरांचा जागतिक विक्रम केला.

१९३२ साली लॉस एंजेलिस येथे मात्र दैवाने ओदांची परीक्षा पाहिली. दुखापतीमुळे त्यांना बारावा क्रमांक पत्करावा लागला. नाम्बूंनी १५.७२ मीटर उडी मारून सुवर्णपदक जिंकले. ओदांचा विक्रमही त्यांच्या या मित्रानेच मोडला. ओदांची वैयक्तिक हार झाली खरी. पण त्यांनी मळलेली वाट आता ओस राहणार नव्हती. १९३६ साली बर्लिन येथे नाओतो ताजिमा या तिसऱ्या जपानी वीराने पूर्ण १६ मीटर उडी मारली आणि लागोपाठ तिसऱ्यांदा हे सुवर्णपदक जपानला मिळाले.

ओदांनी पुढे क्रीडापत्रकार म्हणून काम केले, तरुण खेळाडूंना मार्गदर्शन केले आणि वासेदा विद्यापीठात अध्यापनही केले. २ डिसेंबर १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

१९६४ साली टोकियोला ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा तेथील राष्ट्रीय क्रीडांगणातील ध्वजस्तंभाची उंची मुद्दाम १५.२१ मीटर ठेवण्यात आली होती. ओदांची सर्वांत लांब उडी याहून मोठी होती आणि ताजिमांची त्याहूनही मोठी. तरीही देशाने मान दिला तो आम्सटरडॅमच्या उडीला. कारण विक्रम पुढे मोडले जातात, पण वाट प्रथम दाखविणाऱ्याचे श्रेय कधीही मोडत नाही.