डार्विन आणि ज्वारीचा कोंब

नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु आपल्या कामाला तेथील कोणत्याही घरातले ज्वारीचे चार दाणे पुरेत. ते कुंडीत पेरून खिडकीशी ठेवले, की थोड्याच दिवसांत कोंब वर येतात आणि सारे उजेडाकडे झुकतात. ते कशामुळे झुकतात, हा प्रश्न चार्ल्स डार्विन याने म्हातारपणी मनावर घेतला.

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडातील श्रूजबरी येथे झाला. ‘बीगल’ जहाजातून त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. १८५९ साली जीवजातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथाने त्याचे नाव जगभर झाले. प्रकृती मात्र कायमची ढासळली होती. डाउन या खेड्यातील घर सोडून तो फारसा कोठे जात नसे. तेथेच, सत्तरीच्या सुमारास, मुलगा फ्रान्सिस याला हाताशी घेऊन त्याने प्रयोग मांडले.

त्यासाठी त्याने ज्वारीच्याच कुळातले कॅनरी गवत घेतले. एका बाजूने उजेड दिला, की कोंब शेंड्याच्या खाली वाकत असे. तेव्हा जो भाग वाकतो त्यालाच उजेड जाणवतो, असे कोणालाही वाटावे. डार्विनने काही शेंड्यांवर कथलाच्या पातळ पत्र्याच्या चिमुकल्या टोप्या चढविल्या. ते कोंब सरळच राहिले! काहींचे खालचे अंग झाकून शेंडा तेवढा उघडा ठेवला, ते वाकले. म्हणजे उजेड जाणवतो शेंड्याला आणि वाकते खालचे अंग. शेंड्याकडून खाली काहीतरी जात असले पाहिजे, एवढे त्याने १८८० च्या ग्रंथात नोंदविले. ते काय, हे त्याला उमगले नाही.

याच ग्रंथातील मुळांवरचे प्रयोग जर्मनीतील ख्यातनाम वनस्पतिशास्त्रज्ञ झाक्स याने अडाणीपणाचे ठरविले. पुढे १९ एप्रिल १८८२ रोजी डार्विन निवर्तला.

१९२६ साली हॉलंडमध्ये वेन्ट नावाच्या तरुणाने ओटच्या कोंबांचे शेंडे कापून अगरच्या वडीवर ठेवले. नंतर त्या वडीचा तुकडा शेंडा छाटलेल्या कोंबाच्या एका कडेवर बसविला. उजेड नसतानाही कोंब दुसऱ्या बाजूस वाकला. शेंड्यातून वडीत उतरलेल्या या संप्रेरकाला पुढे ऑक्झिन हे नाव मिळाले. खिडकीतल्या कोंबात ते सावलीच्या बाजूस अधिक उतरते. तिकडच्या पेशी अधिक लांबतात, आणि कोंब उजेडाकडे कलतो.