मोतीबिंदू खरंच लेसरने काढतात का? डोळ्यात लेन्स बसवणाऱ्या हॅरॉल्ड रिडलींची गोष्ट

४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनाचा मुख्य कार्यक्रम आमच्याकडे, मालवणजवळ तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला. माझे बाबा नेव्हीतून रिटायर झालेले. लांबून नुसता आकार बघून जहाज ओळखणारा माणूस. त्या दिवशी मात्र समोर किती जहाजं आहेत, हे ते मलाच विचारत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि घरात कोणाला पत्ता नव्हता.

पैशांचा प्रश्न नव्हता. माजी सैनिकांसाठी एप्रिल २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. कार्ड घेऊन पॉलिक्लिनिकमध्ये जायचं, तिथले डॉक्टर तपासून रेफरल देतात, मग योजनेच्या यादीतल्या हॉस्पिटलमध्ये कॅशलेस ऑपरेशन होतं. लेन्सचे पैसेही ठरलेल्या मर्यादेपर्यंत योजनाच देते.

गाडी अडली वेगळ्याच ठिकाणी. बाबांना वाटत होतं, लेसर मारला की मोतीबिंदू वितळतो आणि काम संपतं. डोळ्यात प्लास्टिकची लेन्स कायमची बसणार हे कळल्यावर त्यांनी सरळ नाही म्हटलं. त्यांची समजूत काढायला म्हणून मी वाचायला बसलो आणि मला रिडली सापडले.

आधी लेसरचा घोळ मिटवू

चष्म्याचा नंबर घालवायचं लासिक ऑपरेशन लेसरने होतं. त्यात डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे कॉर्नियाचा, आकार बदलतात. मोतीबिंदू वेगळा. त्यात डोळ्याच्या आतलं भिंगच गढूळ होतं. ते सहसा फेको पद्धतीने काढतात. एक बारीक सुई अल्ट्रासाउंडच्या वेगाने थरथरते, भिंगाचा चुरा करते आणि तो ओढून घेते. काही हॉस्पिटलांत छेद घ्यायला लेसर वापरतात, पण तिथेही शेवटी लेन्स बसवावीच लागते. नंतर कधी लेन्सच्या मागचा पडदा धुरकट झाला, तर तो साफ करायला मात्र लेसर लागतो. त्यामुळे गावात सगळ्यालाच लेसर म्हणतात.

विमानाच्या काचेतून आलेली कल्पना

हॅरॉल्ड रिडली यांचा जन्म १० जुलै १९०६ चा, इंग्लंडमधल्या किबवर्थ गावातला. वडील आधी ब्रिटिश नौदलात सर्जन, नंतर डोळ्यांचे डॉक्टर. रिडली केंब्रिजला शिकले, पुढे लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये डॉक्टर झाले आणि १९३८ मध्ये मूरफील्ड्स या नामांकित डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये कन्सल्टंट झाले.

मग दुसरं महायुद्ध. ऑगस्ट १९४० मध्ये गॉर्डन क्लीव्हर नावाच्या वैमानिकाच्या हरिकेन विमानावर गोळ्या लागल्या. कॉकपिटचं छत फुटलं आणि त्याचे कण त्याच्या डोळ्यांत घुसले. चेहरा आणि डोळे मिळून १८ ऑपरेशन्स झाली. हे छत काचेचं नव्हतं, पर्स्पेक्सचं होतं. पर्स्पेक्स म्हणजे ॲक्रिलिक प्लास्टिक.

डोळ्यात परकी वस्तू गेली की सहसा सूज येते, पाणी येतं, डोळा लाल होतो. पण अशा वैमानिकांना तपासताना रिडलींच्या लक्षात आलं की पर्स्पेक्सचे कण आत तसेच पडून आहेत आणि डोळा शांत आहे. ही नोंद त्यांच्या डोक्यात राहिली.

युद्धात ते स्वतः लष्करी डॉक्टर होते. आफ्रिकेत त्यांनी नदीकाठच्या अंधत्वाच्या रोगाचा अभ्यास केला. नंतर भारत आणि ब्रह्मदेशाच्या बाजूला, जपान्यांच्या कैदेत उपासमारीने नजर गेलेले सैनिक तपासले.

व्हर्जन वन आणि त्यातला बग

तेव्हा मोतीबिंदू काढत, पण जागी काहीच बसवत नसत. म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांना बाटलीच्या बुडासारखे चष्मे असायचे. १९४८ च्या सुमारास एका विद्यार्थ्याने रिडलींचं ऑपरेशन बघून भाबडेपणाने विचारलं, की काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं का नाही बसवत? रिडलींना वैमानिक आठवले.

रेनर या कंपनीने त्यांना पर्स्पेक्सची लेन्स करून दिली. कंपनीने नफा घ्यायचा नाही आणि रिडलींनी रॉयल्टी घ्यायची नाही, असं ठरलं. २९ नोव्हेंबर १९४९ ला सेंट थॉमसमध्ये ४५ वर्षांच्या एका बाईंवर पहिलं ऑपरेशन झालं. लेन्स कायमची बसवली ती फेब्रुवारी १९५० मध्ये.

डोळ्याने लेन्स स्वीकारली, पण नंबर निघाला उणे १८! कारण लेन्सचा आकार माणसाच्या भिंगावरून जवळजवळ जसाच्या तसा घेतला होता, आणि पर्स्पेक्स प्रकाश जास्त वाकवतं. हिशोब चुकला होता, कल्पना बरोबर होती. पुढच्या लेन्सना वक्रता कमी ठेवली.

रिडलींनी हे सगळं गुप्त ठेवलं होतं. एक पेशंट चुकून दुसऱ्याच रिडली आडनावाच्या डॉक्टरकडे तपासायला गेला आणि बातमी फुटली. जुलै १९५१ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डच्या परिषदेत पेशंट घेऊन जाऊन काम दाखवलं. मोठमोठ्या डॉक्टरांनी पाठ फिरवली. डोळ्यातून वस्तू बाहेर काढायची असते, आत घालायची नसते, हा तेव्हाचा नियम. टीका करणाऱ्यांना दुखावणारे अनुभवही होते. सुरुवातीच्या काही लेन्स सरकल्या, काही डोळे बिघडले. पण रिडली थांबले नाहीत. १९६६ मध्ये त्यांनी पीटर चॉइस यांच्यासोबत लेन्स बसवणाऱ्या डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना काढली. १९७१ मध्ये ते रिटायर झाले, तेव्हाही लेन्सबद्दलचा वाद चालूच होता. अमेरिकेची सरकारी मान्यता आली १९८१ मध्ये, म्हणजे पहिल्या ऑपरेशननंतर ३२ वर्षांनी.

१९८६ मध्ये रिडली रॉयल सोसायटीचे फेलो झाले, २००० मध्ये सर झाले. २५ मे २००१ ला, ९४ व्या वर्षी ते गेले. त्याआधी त्यांना स्वतःला मोतीबिंदू झाला होता, आणि त्यांच्याच हॉस्पिटलमध्ये त्यांच्या दोन्ही डोळ्यांत लेन्स बसवल्या गेल्या. क्लीव्हरच्या वाचलेल्या डोळ्यातही म्हातारपणी मोतीबिंदू झाला आणि त्यालाही लेन्स बसली.

बाबांना मी हे जेवताना सांगितलं. ते क्लीव्हरबद्दल दोनदा विचारत राहिले, मग म्हणाले की कार्ड शोधून ठेव.

तुमच्या घरी कोणी माजी सैनिक असेल, तर आधी पॉलिक्लिनिकचं रेफरल घ्या. हॉस्पिटलमध्ये महागडी लेन्स सुचवली, तर योजनेत कोणती बसते आणि वरचे किती पैसे खिशातून जातील, हे लिहून मागा. साधी लेन्सही दूरचं व्यवस्थित दाखवते, वाचायला चष्मा लागतो एवढंच.

परवा बाबांनी बंदरावरून मला एका होडीचं नाव वाचून दाखवलं. मला चष्मा लावूनही ते दिसत नव्हतं.