डोंगरवाटांचा सायकलस्वार : पॉल द व्हिव्ही

आपल्या पालघर-बोईसर भागांतील विद्यार्थ्यांस सायकलीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. पाम-टेंभी, तारापूर, माहीम, सातपाटी या किनाऱ्याकडील गांवांतून सायकल चालविणें म्हणजे भातखाचरांमधून आणि वाड्यांमधून सरळ पुढें जाणें होय. वारा समोरून नसला म्हणजे झालें. परंतु तोच स्वार पालघरहून मनोरच्या वाटेस लागला आणि वाघोबाची खिंड समोर आली, कीं त्याची ऐट उतरते. पेडल जड होतें, दम लागतो, आणि अखेर ज्या वाहनानें आपणांस न्यावयाचें त्यालाच हातीं धरून न्यावें लागतें. चढावर सायकलस्वाराची जी ही फजिती होते, ती दूर करण्यासाठीं ज्या फ्रेंच गृहस्थानें आपलें अर्धें आयुष्य वेंचलें, त्याचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे. त्याचें नांव पॉल द व्हिव्ही. पण आपल्या देशांत तो ‘व्हेलोसियो’ या टोपणनांवानेंच प्रसिद्ध झाला.

पॉलचा जन्म २९ एप्रिल १८५३ रोजीं दक्षिण फ्रान्समधील व्होक्लूझ प्रांतांत पेर्न या गांवीं झाला. आव्हिन्यों शहराच्या पूर्वेस हा मुलूख पसरला आहे. खालीं द्राक्षांचे मळे, त्यांच्यामधून गेलेले पांढरे रस्ते, आणि या सर्वांवर एकटाच उभा असलेला मों व्हाँतू नांवाचा पर्वत. त्याची उंची १,९०० मीटरांहून थोडी अधिक. त्याचा माथा उघड्या चुनखडीचा असल्यामुळें उन्हाळ्यांतही दुरून बर्फ पडल्यासारखा दिसतो. इटालियन कवि पेट्रार्क हा इ. स. १३३६ मध्यें या पर्वतावर पायीं चढून गेला होता. ज्या मुलाच्या गांवावरून असा पर्वत दिसतो, त्याच्या मनांत चढाची ओढ उत्पन्न झाली, तर त्यांत नवल कसलें?

हा प्रांत बाहेरून जितका रम्य, तितकाच त्या काळीं आंतून पोळलेला होता. तेथील शेतकऱ्याचे तीन आधार : तांबडा रंग देणारी मंजिष्ठा, रेशमाचे किडे, आणि द्राक्षाची वेल. पॉलच्या बालपणापासून तारुण्यापर्यंतच्या वीस-पंचवीस वर्षांत हे तिन्ही आधार एकामागून एक डळमळले. रेशमाच्या किड्यांवर रोगाची सांथ आली, आणि तिचें कारण शोधण्यासाठीं सरकारनें १८६५ मध्यें लुई पाश्चर यांस दक्षिणेकडे पाठविलें. १८६३ च्या सुमारास ऱ्होन नदीकाठच्या मळ्यांत एक अतिसूक्ष्म कीटक द्राक्षवेलींचीं मुळें शोषूं लागला, आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेले मळे पाहतां पाहतां वाळून गेले. अमेरिकन वेलींच्या मुळांवर फ्रेंच वेलींचीं कलमें बांधावीं, हा उपाय सांपडेपर्यंत अनेक कुटुंबें उध्वस्त झालीं. त्यांतच १८६८ मध्यें जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं मंजिष्ठेचा रंग कृत्रिम रीतीनें तयार केला, आणि त्या पिकाची किंमतच नाहींशी झाली. फळबागेवर ज्यांचा संसार चालतो अशा आपल्या डहाणू-घोलवडकडील पालकांस या आपत्तीचा अर्थ अधिक फोड करून सांगावयास नको.

पॉल द व्हिव्ही यांनीं रेशमाच्या व्यापारांत पाऊल टाकलें तें अशा काळांत. या व्यापाराच्या निमित्तानें ते उत्तरेस सेंत-एतिएन या शहरीं स्थायिक झाले. हें शहर कोळशाच्या खाणी, बंदुकांचे कारखाने आणि रेशमी फिती यांसाठीं नांवाजलेलें होतें. तेथें १८८१ मध्यें, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, त्यांनीं पहिली सायकल विकत घेतली. ती आजच्यासारखी नव्हती. तिचें पुढचें चाक पुरुषभर उंच, मागचें चिमुकलें, आणि स्वार जवळजवळ पुढच्या चाकाच्या डोक्यावर बसलेला. खड्डा आला कीं तोंडावर आपटण्याची पुरती सोय. तरीही त्या यंत्रानें त्यांस असें वेड लावलें, कीं १८८७ मध्यें त्यांनीं रेशमाचा चांगला धंदा सोडला, सायकलींचें दुकान काढलें आणि त्याच वर्षीं सायकलीस वाहिलेलें एक मासिक सुरू केलें. पुढच्या वर्षापासून त्याचें नांव ‘ल सिक्लीस्त’, म्हणजे ‘सायकलस्वार’, असें पडलें. चौतीस वर्षांच्या प्रौढ व्यापाऱ्यानें चालता धंदा टाकून असा उद्योग आरंभावा, हें अनेकांस शहाणपणाचें वाटलें नसेल. दुकानानें त्यांस श्रीमंत केलें नाहीं. मासिक मात्र त्यांनीं अखेरच्या दिवसापर्यंत, त्रेचाळीस वर्षें, चालविलें.

इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथून ते सायकली मागवीत; पुढें स्वतःही तयार करूं लागले. परंतु सेंत-एतिएनच्या सभोंवार डोंगरच डोंगर. शहराच्या दक्षिणेस रेपुब्लिक नांवाची खिंड आहे. तिची उंची १,१६१ मीटर, म्हणजे आपल्या जव्हारच्या उंचीच्या दुपटीहून अधिक. शहरापासून तेथवर बारा-तेरा किलोमीटर सारखा चढ. एके दिवशीं असाच चढ चढतांना तोंडांत चिलीम धरलेला एक तरुण त्यांस सहज मागें टाकून गेला आणि त्या दिवसापासून त्यांचें विचारचक्र फिरूं लागलें, अशी एक आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, विचारचक्र फिरलें हें खरें.

त्यांचा विचार समजण्यास थोडें गणित पुरें. पुढच्या दातेरी चक्रास ४८ दांते व मागच्यास १६ दांते असतील, तर पेडलाच्या एका फेऱ्यांत मागचें चाक तीनदां फिरतें, आणि सायकल सुमारें सव्वासहा मीटर पुढें जाते. सपाटीवर हें उत्तम. परंतु शंभरांस सात असा चढ असेल, तर त्या एका फेऱ्यांत स्वारास स्वतःचें व सायकलीचें वजन ४४ सेंटिमीटर वर उचलावें लागतें. आतां पुढें ३२ व मागें २४ दांते घ्या. एका फेऱ्यांत सायकल पावणेतीन मीटरच जाईल. पण उचलावयाचें तें २० सेंटिमीटरांहून कमी. एकूण श्रम कांहीं वांचत नाहींत, ते फक्त लहान हप्त्यांनीं द्यावयाचे. भरलेला हंडा एका दमांत डोक्यावर घेणें आणि तेंच पाणी तीन कळशांनीं नेणें, यांत जो फरक तोच येथें.

मग एकाच सायकलीस दोन, तीन, चार प्रकारचीं चक्रें कां नसावींत? आरंभीं त्यांनीं पुढें दोन चक्रें बसविलीं व खालीं उतरून हातानें साखळी एकीवरून दुसरीवर टाकण्याची युक्ति केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत, न उतरतां साखळी सरकविणाऱ्या योजना त्यांच्या व त्यांच्या मित्रांच्या हातून तयार होऊं लागल्या. आज ज्यास आपण गियरची सायकल म्हणतों तिच्या घडणींत व्हेलोसियोंचा वाटा मोठा आहे. प्रत्येक प्रयोग, त्यांतील यश आणि मोडतोड, ते मासिकांत उघडपणें छापीत; ज्याला हवें त्यानें करून पाहावें.

याच काळांत फ्रान्समध्यें सायकलींच्या शर्यतींचा ज्वर चढला होता. १९०३ मध्यें आंरी देग्रांज या संपादकानें ‘टूर द फ्रान्स’ ही देशाला वळसा घालणारी शर्यत सुरू केली आणि १९१० मध्यें ती पिरिनीज पर्वताच्या घाटांत नेली. देग्रांज यांस गियर मुळींच पसंत नव्हते. यंत्रानें मदत करावयाची तर स्वाराच्या स्नायूंची परीक्षा ती कसली, असा त्यांचा सवाल असे. गियर ही वृद्धांची सोय, असें ते म्हणत. शर्यतींतील स्वार घाटाच्या पायथ्याशीं उतरत, मागचें चाक काढून उलटें बसवीत, कारण त्याच्या दुसऱ्या बाजूस मोठें चक्र असे, आणि पुन्हां स्वार होत. व्हेलोसियो वर्षानुवर्षें याविरुद्ध लिहीत राहिले. देग्रांजचें म्हणणें अगदींच पोकळ होतें असें नाहीं. पण मला वाटतें, त्यांची दृष्टि पहिल्या येणाऱ्या एका स्वारावर होती, आणि व्हेलोसियोंची दृष्टि रविवारीं सहलीस निघणाऱ्या हजारोंवर.

त्यांची स्वतःची आवडती वाट दक्षिणेची. रात्रीं सेंत-एतिएनहून निघावें, अंधारांतच रेपुब्लिक खिंड चढावी, पलीकडच्या उतारानें ऱ्होनच्या खोऱ्यांत उतरावें, आणि उजाडेल तेव्हां दोन्ही बाजूंस द्राक्षमळे असावेत. या खोऱ्यांत एर्मिताजच्या टेकडीसारख्या ठिकाणीं उतार इतका तीव्र कीं दगडी ताली घालून एकेक पायरीवर वेली लावलेल्या आहेत. आणखी खालीं शातोनफच्या आसपास गोल गुळगुळीत धोंड्यांच्या जमिनींतूनच वेली वर येतात, आणि दिवसभर तापलेले ते धोंडे रात्रीं वेलींस ऊब देतात. खोऱ्यांतून ‘मिस्त्राल’ नांवाचा उत्तरेचा वारा वाहतो. जातांना तो पाठीशीं असतो, म्हणून स्वार खूष. परततांना तोच छातीवर येतो, तेव्हां सर्व हिशेब चुकता होतो. मळ्यांच्या कडेनें सुरूच्या झाडांच्या भिंती उभ्या दिसतात त्या याच वाऱ्यासाठीं. या वाटेनें व्हेलोसियो आपल्या जन्मभूमीस येत आणि मों व्हाँतूवरही चढत. तेथें बेद्वें गांवापासून माथ्यापर्यंत सुमारें एकवीस किलोमीटरांत सोळाशें मीटर चढावें लागतें. पायथ्याशीं द्राक्षें, मध्यें ओक व देवदारांची राई, वरतीं केवळ दगड. ईस्टरच्या सुटींत प्रोव्हान्समध्यें सायकलस्वारांचे मेळावे भरविण्याची चालही त्यांच्यामुळेंच रूढ झाली.

अशा प्रवासांतून त्यांनीं स्वारांसाठीं सात नियम बांधले. थांबे थोडे व अल्प असावेत. भूक लागण्यापूर्वीं खावें व तहान लागण्यापूर्वीं प्यावें. अन्न व झोंप नकोशी होईल इतकें थकूं नये. थंडी वाजण्यापूर्वीं अंगावर घ्यावें व उकडण्यापूर्वीं काढावें. आरंभींच्या तासांत जोम वाटतो म्हणून तो उधळूं नये. आणि केवळ मिरविण्यासाठीं पेडल मारूं नये, असा त्यांचा आशय. सातांपैकीं राहिलेला एक नियम फ्रेंच माणसास सर्वांत कठीण : वाटेवर मद्य, मांस व तंबाखू वर्ज्य. द्राक्षांच्या मुलखांत जन्मलेला आणि जगांतील नामांकित मळ्यांमधून वर्षानुवर्षें हिंडणारा हा गृहस्थ पाणी पिऊन पुढें जाई! ते शाकाहारी होते, एस्पेरांतो या जागतिक भाषेचे पुरस्कर्ते होते, आणि ग्रीक व लॅटिन ग्रंथकारांचें वाचन त्यांनीं म्हातारपणींही सोडलें नाहीं. उपाशीं पोटीं सायकल दामटीत शाळेस येणाऱ्या मुलांच्या मातांनीं वरील दुसरा नियम भिंतीवर लावण्यास हरकत नाहीं.

आपल्याकडेही त्यांच्या हयातींतच लांबच्या पल्ल्याचे सायकलस्वार निघाले. १९२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईहून पारशी तरुणांची एक तुकडी पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली, आणि तिच्यांतील अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा हे तिघे १९२८ मध्यें सायकलींवरच परत आले. द्राक्षमळ्यांचा डोंगराळ रस्ताही आपल्यापासून फार दूर नाहीं. जव्हार, मोखाडा, त्र्यंबक असें चढत गेलें, कीं पलीकडे नाशिकचीं द्राक्षें लागतात. पण हा घाट एकाच चक्राच्या सायकलीनें चढावयाचा नव्हे.

२७ फेब्रुवारी १९३० रोजीं सेंत-एतिएनच्या एका रस्त्यांत शहात्तर वर्षांचे व्हेलोसियो सायकल हातांत धरून पायीं चालले होते. समोरून आलेली मोटार चुकविण्यासाठीं ते मागें सरले, आणि मागून येणाऱ्या ट्रामखालीं सांपडले. रात्रीच्या काळोखांत शेंकडों घाट उतरलेल्या माणसाचा अंत असा गांवच्या रस्त्यावर झाला. रेपुब्लिक खिंडींत त्यांचें स्मारक उभारण्यांत आलें. टूर द फ्रान्समध्यें गियर बदलण्याच्या साधनास परवानगी मिळाली ती १९३७ मध्यें, त्यांच्या पश्चात् सात वर्षांनीं. आणि घाटाच्या पायथ्याशीं उतरून चाक उलटें करण्याचें काम त्या वर्षापासून बंद पडलें.