डॉक्टर जेन्नर आणि कोंकरांची देवी

भोकर तालुक्यांत व त्याच्या आसपासच्या माळरानांवर मेंढरें राखून पोट भरणारीं पुष्कळ कुटुंबें आहेत. कोंकराच्या तोंडावर, कानांवर, जांघेंत व शेपटीखालीं तांबडे डाग उठले, त्यांचे फोड झाले, अंगांत ताप भरला व नाकाडोळ्यांतून पाणी वाहूं लागलें, म्हणजे घरधनी ओळखतो कीं कळपांत देवी आली. मोठें मेंढरूं पुष्कळ वेळां यांतून वांचतें. परंतु कोंवळ्या कोंकरांपैकीं कधीं कधीं निम्म्याहून अधिक दगावतात. अशा वेळीं कोणी नवस करितो, कोणी रातोरात कळप दुसऱ्या शिवारांत हांकून नेतो, तर कोणी आजारी जनावर बाजारांत विकून मोकळा होतो. रोग मात्र थांबत नाहीं.

हा रोग कोणत्या वाटेनें थांबेल, हें जगाला एका खेड्यांतील वैद्यानें दाखविलें. त्यानें मेंढरांच्या देवीवर काम केलें नाहीं. माणसांच्या देवीवर केलें. परंतु त्यानें उघडलेल्या वाटेनेंच पुढें मेंढरांची लसही आली. म्हणून त्याची हकीकत मेंढपाळांनीं ऐकण्यासारखी आहे.

एडवर्ड जेन्नर ह्याचा जन्म 17 मे 1749 रोजीं इंग्लंडांतील बर्कली ह्या लहानशा गांवीं झाला. त्याचा बाप तेथील देवळाचा पाळक होता. एडवर्ड पांच वर्षांचा असतां आईबाप दोघेही थोड्याच दिवसांच्या अंतरानें वारले, व वडील भावानें त्याचा सांभाळ केला. त्या काळीं देवीनें गांवेंच्या गांवें ओस पडत. जे जगत त्यांपैकीं कित्येक आंधळे होत व पुष्कळांच्या तोंडावर जन्मभर वण राहत. देवी आलेल्या माणसाच्या फोडांतील पू निरोगी माणसाच्या कातडींत घालावा, म्हणजे त्याला सौम्य देवी येऊन पुन्हां येत नाहीं, एवढा एक उपाय लोकांस ठाऊक होता. तो धोक्याचा होता. कारण कित्येक त्यानेंच मरत, व टोचलेल्या माणसापासून दुसऱ्यांस खरी देवी लागे. आठ वर्षांच्या एडवर्डावरही हा उपाय करण्यांत आला. आधीं त्याला उपाशी ठेविलें, त्याचें रक्त काढिलें, आणि मग टोचून इतर मुलांबरोबर एका तबेल्यांत कोंडून ठेविलें. तो जगला, परंतु त्या दिवसांची आठवण त्याच्या मनांतून गेली नाहीं.

पुढें तो एका वैद्याच्या हाताखालीं काम शिकला. 1770 सालीं तो लंडनास जाऊन जॉन हंटर ह्या नामांकित शस्त्रवैद्याचा शिष्य झाला. केवळ तर्क करीत बसूं नये, प्रत्यक्ष करून पाहावें व धीरानें पाहावें, हा धडा त्याला हंटरपाशीं मिळाला. शहरांत राहून पैसा मिळविण्याची संधि असतांही तो बर्कलीस परतला, व घोड्यावर बसून खेडोपाडीं आजाऱ्यांस भेटूं लागला. पक्ष्यांचाही तो बारकाईनें अभ्यास करी. कोकिळेच्या जातीचें कुक्कू नांवाचें पांखरूं दुसऱ्याच्या घरट्यांत जन्मतें व अंड्यांतून निघतांच इतर पिलांस बाहेर ढकलून देतें, हें त्यानें डोळ्यांनीं पाहून लिहिलें. त्या कामामुळें 1789 सालीं विद्वानांच्या रॉयल सोसायटीनें त्याला सभासद करून घेतलें.

बर्कलीच्या आसपास दूधदुभत्याचा धंदा मोठा होता. तेथील गाईंच्या सडांवर फोड येत, व धार काढणाऱ्या बायांच्या हातांवर तेच उठत. ह्या रोगाला गोस्तनदेवी म्हणत. तो थोड्या दिवसांत बरा होई. ज्या बाईला तो झाला तिला माणसांची देवी येत नाहीं, असें गवळी लोक सांगत. वैद्य ही गोष्ट हंसण्यावारी नेत. बेंजामिन जेस्टी नांवाच्या एका शेतकऱ्यानें 1774 सालींच आपल्या बायकोस व दोन मुलांस गाईच्या फोडांतील लस टोचली होती. परंतु त्याचें कोणी ऐकलें नाहीं. जेन्नरनें गवळ्यांचें बोलणें टाकून दिलें नाहीं. अनेक वर्षें तो अशा माणसांच्या हकीकती जमवीत राहिला.

14 मे 1796 रोजीं सारा नेल्म्स नांवाच्या गवळणीच्या हातावरील फोडांतून लस घेऊन त्यानें आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलास, जेम्स फिप्स ह्यास, टोचली. मुलाला थोडा ताप आला व उतरला. जुलैच्या आरंभीं जेन्नरनें त्याच मुलाच्या कातडींत खऱ्या देवीचा पू घातला, आणि देवी आली नाहीं. आज कोणत्याही वैद्याला लहान मुलावर असा प्रयोग करतां यावयाचा नाहीं, व तेंच योग्य आहे. जेन्नरनें त्या मुलाला विसरून दिलें नाहीं. फिप्स मोठा झाल्यावर त्याला राहावयास घर दिलें.

रॉयल सोसायटीनें त्याचा लेख परत पाठविला. तेव्हां त्यानें आणखी प्रयोग करून 1798 सालीं स्वतःच पुस्तक छापिलें. लोकांनीं थट्टा केली. गाईची लस टोचली तर अंगावर शिंगें फुटतील, अशीं चित्रेंही निघालीं. देवी ही देवाची इच्छा आहे, तींत माणसानें हात घालूं नये, असें म्हणणारे उपदेशक त्याही देशांत होते. जेन्नरनें वाद थोडा केला व काम पुष्कळ केलें. आपल्या बागेंतील झोंपडींत तो गरिबांस फुकट टोची. पार्लमेंटानें त्याला 1802 सालीं 10,000 व 1807 सालीं 20,000 पौंड दिले. वडील मुलगा 1810 सालीं व पत्नी 1815 सालीं क्षयानें गेलीं. 26 जानेवारी 1823 रोजीं तो बर्कलीसच वारला.

त्याची लस आपल्या देशांत बगदाद व बसरा ह्या मार्गानें आली. 14 जून 1802 रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचलेली लस प्रथम लागू पडली. तिच्या दंडावरून पांच मुलांस टोचिलें, आणि तेथून ती पुणें, सुरत, हैदराबाद व मद्रासकडे गेली. आपल्या देशांत 1975 सालीं देवीचा शेवटचा रोगी आढळला, व 8 मे 1980 रोजीं जगांतून माणसांची देवी गेल्याचें जाहीर झालें.

मेंढरांची देवी मात्र गेली नाहीं. 1847 सालीं परदेशी मेंढरांबरोबर ती इंग्लंडांत शिरली, तेव्हां जेन्नरची गाईची लस मेंढरांस वांचवील अशी आशा कित्येकांस वाटली. जेम्स सायमंड्स नांवाच्या पशुवैद्यानें टोचून पाहिलें. उपयोग झाला नाहीं. दोन्ही रोग एकाच मोठ्या घराण्यांतले असले तरी मेंढरांस त्यांच्याच रोगाच्या जवळची लस लागते. आज त्या रोगाचेंच बीज दुर्बळ करून लस तयार करितात, व ती सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत मिळते. जेन्नरला वाटे कीं एकदां टोचलें म्हणजे जन्मभर पुरे. ह्यांत त्याची चूक झाली, व माणसांसही पुन्हां टोचावें लागलें. म्हणून कोंकराला तीन महिने झाले म्हणजे टोचून घ्यावें, व पुढें दर वर्षीं टोचीत जावें.

फोड उठल्यावर रोग मारणारें औषध नाहीं. तेव्हां आजारी कोंकरूं ताबडतोब निराळें बांधावें. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यानें फोड हलकेच धुवावे, माशा बसूं नयेत म्हणून भोंवतीं कडुनिंबाचें तेल लावावें, मऊ पाला घालावा, व चोखतां येत नसेल तर दूध पाजावें. जखमा चिघळूं नयेत म्हणून डॉक्टर देईल तें औषध पुरे दिवस द्यावें. गळालेल्या खपल्यांत रोगाचें बीज कित्येक महिने जिवंत राहतें. म्हणून वाड्यांतील केरकचरा जाळावा, व मेलेलें कोंकरूं चुना घालून खोल पुरावें. माळेगांवच्या यात्रेंतून किंवा दुसऱ्या बाजारांतून आणलेलें मेंढरूं तीन आठवडे कळपांत मिसळूं नये. फोड केवळ ओठांवर असले तर तो बहुधा मावा असतो. मेंढरांची देवी माणसाला लागत नाहीं, परंतु मावा हातांस लागतो; म्हणून तोंड धुतल्यावर आपले हात साबणानें धुवावे. कोणता रोग आहे तें डॉक्टरास दाखवूनच ठरवावें.

आजारी कोंकरूं लपविणाऱ्याला वाटतें कीं आपलें नुकसान टळलें. परंतु त्याच्या मागोमाग त्याच पाणवठ्यावर शेजाऱ्याचा कळप येतो, आणि ज्या विधवेच्या घरीं दोनच मेंढ्या आहेत तिचीं कोंकरें मरतात. दवाखान्यांत वर्दी देण्यास पैसा लागत नाहीं. कळपांत पहिला फोड दिसेल त्याच दिवशीं ती द्यावी. आणि ज्यांचे कळप अजून निरोगी आहेत त्यांनीं ह्याच महिन्यांत लस टोचून घ्यावी.