दामोदर धर्मानंद कोसंबी : जनुकांची अंतरे मोजणारे गोमंतकीय



थोर इतिहासकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ते दामोदर कोसंबी मुळात गणिती होते. त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे गाढे पंडित. त्यांच्याबरोबर दामोदर लहानपणीच अमेरिकेला गेले आणि १९२९ साली हार्वर्डची पदवी घेऊन परतले. बनारस व अलीगढ येथे शिकवून पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले.

तेथे असतानाच १९४४ साली त्यांचा आनुवंशिकतेवरील एक छोटा निबंध लंडनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आईवडिलांचे गुण अपत्यात उतरविणारी जनुके माळेतल्या मण्यांसारखी ओळीने असतात. पुढच्या पिढीकडे जाण्यापूर्वी दोन माळा आपापसांत तुकडे बदलतात. जवळचे मणी बहुधा एकत्र राहतात, दूरचे वेगळे होतात. ते किती वेळा वेगळे झाले, यावरून अंतर ठरते. परंतु मधे दोनदा अदलाबदल झाली, तर टोकांचे मणी पुन्हा एकत्र दिसतात आणि अंतर कमी भासते. ही चूक सुधारणारे सूत्र कोसंबींनी केवळ गणिताच्या बळावर दिले.

हे मणी कशाचे, हे तेव्हा निश्चित नव्हते. त्याच १९४४ साली अमेरिकेत एव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवाणूंवरील प्रयोगांतून डीएनएकडे बोट दाखविले. डीएनएची लिपी चार अक्षरांची. सायटोसिन व थायमिन असलेली दोन लहान अक्षरे म्हणजे पिरिमिडीन न्यूक्लिओटाइड. ॲडेनिन व ग्वानिनची दोन मोठी. लहान अक्षरासमोर नेहमी त्याच्या जोडीचे मोठे अक्षर येते. म्हणून डीएनएच्या शिडीची रुंदी सर्वत्र सारखी राहते आणि एका बाजूवरून दुसरी बिनचूक लिहिता येते. पेशी दुभंगताना वारसा टिकतो तो यामुळेच.

२९ जून १९६६ रोजी पुण्यात कोसंबींचे निधन झाले. त्याच वर्षी या लिपीचा संपूर्ण अर्थ लागला.

आज भाताच्या जनुकांचे नकाशे करताना शास्त्रज्ञ कोसंबींचे सूत्र वापरतात. पेडणे-डिचोलीच्या मुलांना भातशेती नवी नाही. त्या दाण्यामागील गणितात एका गोमंतकीयाचे नाव आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. मित्रहो, गणित व जीवशास्त्र यांची पुस्तके वेगळी असली, तरी प्रश्न वेगळे नसतात. कोसंबींच्या चरित्रातून एवढे घेतले, तरी पुष्कळ झाले.