खेळण्यातल्या मोटारींचा हिशेबनीस

मोटारींच्या लहान प्रतिकृती जमविणाऱ्या आणि स्वतःच्या हाताने घडविणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात एक आकडा वारंवार येतो : १:४३. खरी मोटार त्रेचाळीस पटींनी लहान केली, की तळहातावर मावेल अशी सुमारे दहा सेंटिमीटर लांबीची प्रतिकृती तयार होते. हे प्रमाण ना पन्नासाच्या हिशेबात बसते, ना शंभराच्या. मग ते आले कुठून? त्याचे मूळ एका खेळण्यातल्या आगगाडीत आहे आणि त्या आगगाडीमागे उभा आहे इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरातला एक साधा हिशेबनीस. त्याचे नाव फ्रँक हॉर्नबी.

हॉर्नबी यांचा जन्म १५ मे १८६३ रोजी लिव्हरपूलमध्ये झाला. वडील किराणा मालाचे व्यापारी होते. शाळेत फ्रँकचे मन फारसे रमले नाही आणि सोळाव्या वर्षी तो वडिलांच्या व्यवसायात रोखपाल म्हणून बसला. यंत्रशास्त्राचे कोणतेही शिक्षण त्याने घेतले नव्हते. मात्र लहानपणी सॅम्युअल स्माइल्स यांच्या ‘सेल्फ हेल्प’ या पुस्तकातील संशोधकांच्या कहाण्यांनी त्याला झपाटले होते. न थांबता अखंड चालणारे यंत्र बनविण्याचा खटाटोपही त्याने करून पाहिला. अर्थातच तो फसला. पण हातात पत्रा आणि कानस घेऊन बसण्याची सवय मात्र कायमची लागली.

१८८७ मध्ये क्लारा गॉडफ्रॉय या शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. रोलंड आणि डग्लस हे मुलगे आणि पॅट्रिशिया ही मुलगी असा संसार वाढला. १८९९ मध्ये वडिलांचे निधन झाले, दुकान बंद पडले आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी हॉर्नबी यांना मांस आयात करणारे व्यापारी डेव्हिड एलियट यांच्याकडे हिशेबनिसाची नोकरी धरावी लागली. दिवसभर खतावण्या लिहायच्या आणि रात्री मुलांसाठी पत्र्याचे पूल, गाडे, क्रेन बनवायच्या, असा क्रम सुरू झाला.

या रात्रींच्या उद्योगातच एक अडचण त्यांच्या ध्यानात आली. पुलासाठी कापलेला पत्र्याचा तुकडा क्रेनला लागू पडत नसे. प्रत्येक नव्या खेळण्यासाठी पुन्हा पहिल्यापासून मापे घ्यावी लागत, पुन्हा पत्रा कापावा लागत असे. नाताळच्या आदल्या दिवशी आगगाडीने प्रवास करीत असताना त्यांना या कोड्याचे उत्तर सुचले, असे त्यांनी पुढे सांगून ठेवले आहे. सर्व पट्ट्या अर्धा इंच रुंद ठेवायच्या, त्यांना अर्ध्या अर्ध्या इंचावर भोके पाडायची आणि जोडणी नट-बोल्टने करायची. म्हणजे कोणतीही पट्टी कोठेही बसेल. आज मोडलेल्या क्रेनमधून उद्या पूल उभा राहील आणि परवा मोटार. शिवाय याच भोकांतून सळई आरपार घातली, की चाकासाठी आसही तयार.

कल्पनेचे पेटंट घ्यायचे तर पाच पौंड हवे होते आणि तेही हॉर्नबींजवळ नव्हते. ते त्यांनी मालक एलियट यांच्याकडून उसने घेतले. जानेवारी १९०१ मध्ये पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. एलियट यांनी केवळ पैसे देऊन हात झटकले नाहीत, तर आपली रिकामी जागा वापरायला दिली आणि ते भागीदारही झाले. लिव्हरपूल विद्यापीठातील अभियांत्रिकीचे प्राध्यापक हेन्री हेले-शॉ यांनी या खेळण्याची लेखी भलामण केली, त्याचाही मोठा उपयोग झाला. १९०२ मध्ये ‘मेकॅनिक्स मेड ईझी’ या नावाने पहिले संच दुकानांत आले. त्यात सोळा प्रकारचे सुटे भाग होते आणि सोबतच्या पत्रकात बारा रचनांची चित्रे. सुरुवातीच्या पट्ट्या पातळ आणि ओबडधोबड होत्या. १९०३ मध्ये सुमारे दीड हजार संच खपले, पण थोडाबहुत नफा दिसायला १९०६ साल उजाडावे लागले. लांबलचक नाव टाकून हॉर्नबी यांनी १९०७ मध्ये ‘मेकॅनो’ हे सुटसुटीत नाव नोंदविले आणि ३० मे १९०८ रोजी मेकॅनो लिमिटेड कंपनी स्थापन झाली. ज्यांच्या पाच पौंडांवर हा डोलारा उभा राहिला, त्या एलियट यांनी मात्र नव्या कंपनीत न येण्याचे ठरविले. पुढच्या वैभवात त्यांचा वाटा राहिला नाही.

१९१४ मध्ये बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला. १९१६ पासून ‘मेकॅनो मॅगझिन’ निघू लागले, १९१९ मध्ये मुलांचे ‘मेकॅनो गिल्ड’ सुरू झाले. या काळात मेकॅनोतून सर्वाधिक हौसेने जे बांधले जाई, त्यात मोटारीच्या चॅसिसचे स्थान फार वरचे होते. त्यात गिअरबॉक्स असे, सुकाणू असे, ब्रेक असत आणि डिफरन्शियलही असे. मोटार वळताना बाहेरच्या बाजूचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापते. दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसविली, तर एक चाक फरफटत जाईल. ही गोष्ट पुस्तकात वाचून जेवढी कळत नाही, तेवढी पितळेची दातेरी चाके स्वतः जुळवून, हाताने फिरवून पाहिल्यावर कळते. इंग्लंडमधील पोराटोरांना ती टेबलावर बसून कळू लागली. हे निव्वळ खेळणे नव्हते, याचा पुरावा पुढे शास्त्रज्ञांनीच दिला. १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी गणिती समीकरणे सोडविणारे एक यंत्र उभारले, ते प्रामुख्याने मेकॅनोच्या भागांतून.

१९२० मध्ये हॉर्नबी यांनी चावीवर चालणाऱ्या आगगाड्या बाजारात आणल्या. त्या ‘ओ’ गेजच्या होत्या. या गेजसाठी ब्रिटनमध्ये रूढ झालेले प्रमाण म्हणजे खऱ्या एका फुटाला सात मिलिमीटर. गणित केले, की ते जवळजवळ १:४३ एवढे भरते. रेल्वे आली की स्टेशन हवे, हमाल हवेत, प्रवासी हवेत. १९३१ पासून अशी चिमुकली माणसे कंपनी विकू लागली. मग स्टेशनाबाहेर मोटारी का नसाव्यात? त्यावेळी अमेरिकेच्या ‘टूट्सीटॉय’ मोटारींनी बाजार काबीज केला होताच. डिसेंबर १९३३ मध्ये सहा वाहनांचा एक संच हॉर्नबींच्या कंपनीने आणला. त्यात दोन स्पोर्ट्स कार, एक मालमोटार, एक डिलिव्हरी व्हॅन, एक ट्रॅक्टर आणि एक रणगाडा होता. एप्रिल १९३४ मध्ये या खेळण्यांना ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले आणि १९३५ मध्ये क्रायस्लर एअरफ्लोसारख्या खऱ्याखुऱ्या मोटारींच्या प्रतिकृती त्या नावाखाली येऊ लागल्या. रेल्वेच्या सोबतीला आलेली ही मोटार पुढे रेल्वेपेक्षा अधिक खपली. तिचे माप मात्र तिच्या जन्माची खूण म्हणून मागे राहिले.

हॉर्नबींच्या आयुष्यातला खरा पेच येथेच आहे. ज्या माणसाने मुलांच्या हाती सुटे भाग दिले आणि मोटार तूच बांध, असा धडा घालून दिला, त्याच्याच कारखान्यातून आता तयार, रंगविलेली, उलगडता न येणारी मोटार बाहेर पडत होती. वितळलेला धातू दाबाने साच्यात भरायचा आणि क्षणात मोटारीचे अंग हाती घ्यायचे, असे हे तंत्र. येथे मुलाने करण्यासारखे काहीच उरले नव्हते. १९३० च्या दशकातच मेकॅनोने मोटार बांधण्याचा खास संचही काढला होता. त्यात वेगवेगळी अंगे बदलून एकाच सांगाड्यावर निरनिराळ्या मोटारी करता येत. पण गर्दी खेचली ती स्वस्त, खिशात मावणाऱ्या डिंकीने.

या बदलाच्या काळात स्वतः हॉर्नबींचे लक्ष कारखान्यावर पूर्वीसारखे राहिले नव्हते. १९३१ मध्ये ते एव्हर्टन मतदारसंघातून काँझर्व्हेटिव्ह पक्षाचे खासदार झाले आणि कंपनीचा रोजचा कारभार त्यांनी इतरांवर सोपविला. पैसा अमाप होता, प्रकृती मात्र साथ देत नव्हती. हृदयविकार आणि मधुमेह यांनी त्यांना गाठले होते. १९३५ च्या निवडणुकीपूर्वी त्यांनी राजकारणातून अंग काढून घेतले आणि २१ सप्टेंबर १९३६ रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कंपनीची सूत्रे रोलंडकडे गेली. ज्याच्यासाठी पहिली क्रेन बनली, तोच हा मुलगा.

त्यानंतरची कहाणी चढ-उतारांची आहे. युद्धापूर्वीच्या कितीतरी डिंकी मोटारी आज नुसत्या हात लावल्यानेही तुटतात. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा अंश मिसळला गेला, की कालांतराने धातूला आतून तडे जातात. १९६४ मध्ये कंपनी लाइन्स ब्रदर्सकडे गेली, नंतर एअरफिक्सकडे आणि नोव्हेंबर १९७९ मध्ये बिन्स रोडचा कारखाना बंद झाला. भारताशीही या मोटारींचे एक नाते जुळले. डिंकीचे काही जुने साचे कोलकात्यात आले आणि ‘निकी टॉइज’ नावाने त्या मोटारी येथे तयार झाल्या. आज संग्राहक त्या हुडकून घेतात.

कारखाना गेला, पण पेच सुटला तो हौशी लोकांच्या टेबलावर. आजचा प्रतिकृतीकार जुनी डिंकी घेतो, तळाचे रिव्हेट ड्रिलने उडवितो, सोललेला रंग रसायनाने काढतो, नवे टायर बसवितो, हरवलेला दिवा वा बंपर ओतून घेतो आणि हव्या त्या रंगात ती पुन्हा उभी करतो. कोणी एका मोटारीचे छत कापून तिला उघडी करतो, कोणी दोन मोडक्या मोटारींतून एक धड मोटार काढतो. न उलगडणारी म्हणून विकली गेलेली मोटार अशी पुन्हा सुट्या भागांची होते. लिव्हरपूलच्या हिशेबनिसाने मुलांसाठी पत्रा कापताना जे योजिले होते, ते याहून वेगळे नव्हते.